बांधावरची बादली

प्रेमराज नानाला टमाट्यातलं काय माहीत आहे, ते कुणी विचारायला जाऊ नये. विचाराल तर दुपारचं जेवण हुकेल. बियाण्याला कशाची भुकटी चोळायची, दोन झाडांत किती अंतर ठेवायचं, कितव्या दिवशी कोणतं खत ठिबकातून सोडायचं, सगळं त्याच्या जिभेवर. वाडझिऱ्यात शेतीखात्याचा कुणीही माणूस आला की गाडी आधी नानाच्या ओट्याशी थांबायची, आणि काचेच्या कपाटातली 'प्रगतिशील शेतकरी' लिहिलेली चार सन्मानचिन्हं पाहिल्याशिवाय कुणाला चहा मिळायचा नाही. कलाबाई तीन हंगाम त्याच्या टमाट्यात बांधणीला होती. ही पोथी ऐकून ऐकून तिलाही पाठ झाली होती. तिचं मत एवढंच की पुराणातली वांगी जशी पुराणात, तसे नानाचे टमाटे नानाच्या तोंडात.

वाडझिरं शिंदखेड्यापासून नऊ किलोमीटरवर. नानाचं घर वरच्या अंगाला पाटील गल्लीत, कलाबाईचं खालच्या अंगाला भीमनगरात. वीस वर्षं ती दुसऱ्याच्या बांधावर राबली, त्यातली बरीचशी नानाच्याच. सासऱ्याच्या वाट्याचे वीस गुंठे होते, पण पाण्यावाचून तिथे बाजरीच्या पुढे काही होत नव्हतं. यंदा पाइपलाइन आली आणि तिनं टमाटे लावले. स्वतःचे, पहिल्यांदा. तिनं नवऱ्याला, आधारला, लावणीच्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "हाई पीक उभं ऱ्हायनं ना, ते नानाना बांधवर मी परत मजुरीले पाय ठेवाव नही." पीक पडलं तर पुढच्या सोमवारी विळा घेऊन तिथंच जावं लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यामुळे ते वीस गुंठे ती तान्ह्या लेकरासारखे जपत होती.

त्या जपण्यातली पहिली गोष्ट म्हणजे बांधावरची बादली. वावरात शिरायच्या तोंडाशी एक प्लास्टिकची बादली, शेजारी साबणाची वडी, आणि झाकलेली पाण्याची घागर. जो कुणी झाडाला हात लावणार, त्यानं हात धुवायचे. ज्याच्या तोंडात तंबाखू, त्यानं आत यायचंच नाही. आधार टेम्पो चालवायचा आणि त्याच्या ओठाखालची चिमूट झोपेतही निघत नसे, म्हणून मालक असून तो बांधावरच बसायचा. तिथूनच कॅरेट उचलायचा, तिथूनच सल्ले द्यायचा. गल्लीतली माणसं हसायची. कलाबाई त्यांच्याकडे लक्ष देत नसे.

हे शहाणपण तिला कुठून आलं, म्हणाल तर नानाच्याच वावरातून आलं. पण नाना सांगतो तसं नव्हे.

तीन वर्षांपूर्वी नाना कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आला आणि येताना नवी बादली आणि साबण घेऊन आला. बांधणीच्या सगळ्या बाया ओळीनं उभ्या केल्या. तंबाखूतून टमाट्याला व्हायरस कसा येतो, वाळक्या पानातही तो कसा जिवंत राहतो, मळलेल्या हातानं पानाच्या बेचक्यातली बगलफूट खुडली की रोग झाडाच्या अंगात कसा शिरतो, हे त्यानं अर्धा तास समजावलं. समजावताना डाव्या तळहातावर तंबाखू मळणं चालूच होतं. मग तो म्हणाला, "चला, बठ्ठ्या हात धोवा." कलाबाई सगळ्यांत पुढे होती. तिनं बादलीत हात बुडवले, चोळले, काढले. नानाही हात पुढे करून वाकला होता. तिचे हात बादलीतून निघताना त्यानं पाहिले, आणि तो सरळ झाला.

"मना हात स्वच्छच शेत," तो म्हणाला आणि सऱ्यांत गेला.

बोलण्यासारखं होतं काय? गावात आता सगळे एका टेम्पोत बसतात, एका दुकानात चहा पितात, नाना तर आंबेडकर जयंतीला स्टेजवर येऊन फेटा बांधून घेतो. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा बादलीच्या काठाशी दिसतो.

तर नानाला हात न धुता खुडायची खोड. रोज नव्हे बरं का, रोज राबायला त्याला कुठे वेळ! पाहुणे आले की मोटारीच्या खोलीजवळच्या पहिल्या चार सऱ्यांत शिरायचा, आठ-दहा झाडांच्या फुटी खुडून दाखवायचा आणि फोटो काढून घ्यायचा. आणि दर वर्षी त्याच चार सऱ्यांत पानं आधी चट्ट्यापट्ट्याची व्हायची, मग दोऱ्यासारखी बारीक व्हायची, फळ बोराएवढं राहायचं. तिथून पुढे बांधणीच्या सुतळीबरोबर, बायांच्या हातांबरोबर ते आत आत सरकायचं. नाना म्हणायचा बियाणं खोटं. दुसऱ्या वर्षी म्हणाला हवामान. तिसऱ्या वर्षी म्हणाला बाया साबण लावत नाहीत. कलाबाईनं तीन वर्षं त्या चार सऱ्या पाहिल्या आणि मनात नोंद करून ठेवली. तिला त्या रोगाचं इंग्रजी नाव येत नव्हतं. तो कोणाच्या हातानं येतो, एवढं मात्र येत होतं.

कार्तिकात हेमांगी आली. कृषी महाविद्यालयात शिकणारी, मोठ्या चष्म्याची, मनानं साधी पोरगी. शेतकऱ्यांना टमाट्याच्या शिफारशी किती माहीत आहेत आणि त्यातल्या ते किती वापरतात, यावर तिला प्रबंध लिहायचा होता. हातात प्रश्नांचा गठ्ठा. माहीत असेल तर गुण, वापरत असाल तर गुण. तिला घेऊन गावभर फिरायचं काम अर्थातच नानानं अंगावर घेतलं. त्याचा स्वतःचा फॉर्म त्यानं ओट्यावर बसून पाऊण तासात भरून दिला आणि चाळीसपैकी अडतीस गुण मिळवले. उरलेले दोन का गेले म्हणून तो त्या पोरीशी वादही घालत होता.

मग ते दोघं कलाबाईच्या वावरात आले. नाना बांधावर बसला, तंबाखूची डबी काढली.

"ताई, विषाणूजन्य रोगाचा प्रसार कोणत्या माध्यमातून होतो?" हेमांगीनं वाचलं.

"ते माले काय मालूम बाई," कलाबाई म्हणाली. प्रश्न तिला एखाद्या कोर्टाच्या कागदासारखा वाटला होता.

"प्रतिबंधासाठी काय शिफारस केली आहे?"

कलाबाई तोंड उघडणार, तेवढ्यात नाना बोलला. "मॅडम, ती शाळेत गेलेली नाही. मी सांगतो तसं ती करते. ती बादली पाहिली का? माझंच मार्गदर्शन आहे ते. लिहून घ्या."

हेमांगीनं बादलीकडे पाहिलं, कलाबाईकडे पाहिलं. "हो का ताई? नानांनी सांगितलं?"

आता काय सांगावं? कलाबाईच्या वावरातून रस्त्याला लागायचं तर नानाच्या बांधावरून जावं लागतं, दुसरी वाट नाही. टमाट्याचे कॅरेट डोक्यावरून उडवत नेता येत नाहीत. "हां," ती म्हणाली.

पोरीनं 'माहितीचा स्रोत' या रकान्यात प्रेमराज नानाचं नाव लिहिलं, आणि ज्ञानाच्या रकान्यात कलाबाईला 'कमी' गटात टाकलं. नानानं ते वाकून वाचलं आणि त्याला फार बरं वाटलं. कलाबाईला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही. वीस वर्षं माणूस राबतं, तीन वर्षं डोळे फोडून बघतं, आणि शेवटी कागदावर त्याच्या डोक्याचा मालक दुसराच निघतो, याचा संताप येणार नाही तर काय! घरी सासू तानुबाई खाटेवर बसली होती, पंचाहत्तरीची, पण कानानं तिखट. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाना त्यानी मायवर गया. ती भी बठ्ठं आपलंच म्हने."

नानाच्या मायची गोष्ट भीमनगरात सगळ्यांना ठाऊक आहे. बहात्तरच्या दुष्काळात गावात नानाच्या घरच्याच विहिरीला पाणी होतं. तानुबाई तेव्हा नवी नवरी. दगड फोडायच्या कामावरून येताना बाया त्या विहिरीशी थांबायच्या. नानाची माय वर ओट्यावर उभी राहून लोट्यानं पाणी सोडायची, खाली बायांनी ओंजळ धरून प्यायचं. नऊ-दहा वर्षांचा प्रेमराज मायच्या लुगड्याला धरून रोज ते बघायचा. तानुबाई उंच होती. माय तिला रोज आणखी वाकायला लावायची, म्हणायची, "आखो वाक, तानू. लोटाले हात लागी जाई." तानुबाई ही गोष्ट रडून सांगत नाही. नुसती सांगते.

मार्गशीर्ष आला आणि नानाच्या टमाट्यानं नेहमीचे गुण उधळले. मोटारीच्या खोलीजवळच्या चार सऱ्या आधी, मग निम्मं वावर. पानं बारीक, झाडं खुरटी. आणि नेमकी त्याच आठवड्यात शिवार फेरी ठरलेली: जिल्ह्याहून शास्त्रज्ञ साहेब, आजूबाजूच्या गावांतले चाळीसेक शेतकरी, हेमांगी, तिचे सर. मांडव ठरला होता नानाच्या वावरात. आता ते चट्टे दाखवणार कुणाला?

पण हार मानेल तो नाना कसला. आदल्या दिवशी सकाळी तो कलाबाईच्या बांधावर हजर झाला. तिची झाडं छातीला लागत होती, खाली लाल फळांचे घोस लोंबत होते, दुसरा तोडा दोन दिवसांवर आला होता. नानानं ते सगळं एकदा डोळे भरून पाहून घेतलं.

"उद्या फेरी तुना वावरमा," तो म्हणाला. "बोर्ड मना राही. मार्गदर्शन प्रेमराज नाना, असं लिहेल शे. तू नुसती उभी ऱ्हाय."

बोर्डाचं कलाबाईला काही नव्हतं, लावा म्हणावं दहा बोर्ड. पण चाळीस माणसं, ऐंशी हात, आणि खान्देशात ज्याच्या खिशात डबी नाही असा बाप्या शोधूनच काढावा लागतो. ते हात एकदा सऱ्यांत शिरले की पंधरा दिवसांत इथंही तेच चट्टे. नाही म्हणावं तर कॅरेट न्यायची वाट बंद.

"या," ती म्हणाली. "पन नाना, जो कोनी हात लाई, त्यानी हात धोवाना. बठ्ठासनी."

"अरे, ते ते मीच शिकाडेल शे तुले!" नाना हसत म्हणाला आणि निघून गेला. 'बठ्ठासनी' म्हणजे सगळ्यांनी, त्यात आपणही येतो, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला गाड्या आल्या. बांधावर फ्लेक्स लागला. त्यावर नानाचा फोटो टमाट्यांपेक्षा लाल. तानुबाईला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती काठी टेकत आली आणि बाभळीखाली आधारशेजारी बसली. कलाबाई वावराच्या तोंडाशी उभी राहिली. शेजारी बादली, साबण, घागर, लोटा.

साहेब पहिले आले. तिनं नुसतं बादलीकडे बोट दाखवलं. साहेबानं हात धुतले, वर म्हणाला, "वा! हे मी तीस गावांत सांगितलं, बघतोय पहिल्यांदा." मग काय, सगळ्यांनीच धुतले. शेतकऱ्यांनी ओठाखालची चिमूट थुंकली, चुळा भरल्या, हसत-खिदळत हात धुऊन आत गेले. चार-पाच जणांना तंबाखू सोडवेना, ते मुकाट्यानं आधारच्या रांगेत जाऊन बसले. बादलीचं पाणी तिनं दोनदा बदललं.

नाना तेवढा वेळ फ्लेक्ससमोर भाषण देत होता. "विषाणू हा शत्रू अदृश्य असतो," तो सांगत होता, आणि डाव्या तळहातावर उजवा अंगठा गरागरा फिरत होता. भाषण संपलं. त्यानं टाळी देऊन चुना झटकला, चिमूट ओठाखाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि, "चला, बगलफूट कशी खुडायची ते प्रत्यक्ष दाखवतो," म्हणत सरीच्या तोंडाशी आला.

कलाबाई बाजूला झाली नाही.

"नाना, हात."

"काय?"

"हात धोई ल्या."

सऱ्यांतली माणसं वळून पाहू लागली. नाना हसला, ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. मग बाहेरच्यांना समजावं म्हणून चांगल्या मराठीत म्हणाला, "अगं, मी घरून धुऊन आलोय."

"आते तंबाखू मळी ना तुम्हीन."

कलाबाईला वाट दिसत होती, नानाच्या बांधावरची, काट्या टाकून बंद केलेली. आणि दुसऱ्या बाजूला झाडं दिसत होती. ती जागची हलली नाही.

हेमांगी सरीतून पुढे आली. तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, तिला खरंच प्रश्न पडला होता. "नाना, तुम्ही मला हेच सांगितलं होतं ना? तंबाखूनंतर साबणानं. माहितीला दोन आणि अवलंबाला दोन, असे पूर्ण गुण दिलेत मी तुम्हाला."

कुणीतरी खुदकन हसलं. साहेबही म्हणाला, "धुवा हो नाना, आम्ही सगळ्यांनी धुतले. एक मिनिटाचं काम."

नाना बादलीशी आला. आत साबणाचं ढवळं पाणी होतं. त्यात गावातल्या, परगावच्या, पाटील गल्लीच्या आणि भीमनगरच्या सगळ्यांचे हात बुडून गेले होते, साहेबाचेसुद्धा. तो वाकला. आणि तीन वर्षांपूर्वीसारखाच पुन्हा सरळ झाला. बाकीच्यांनी खुशाल बुडवले असतील, त्याला ते जमेना. चार सन्मानचिन्हं, अडतीस गुण, आणि एवढं जमेना.

"ते पानी नको," तो हळूच म्हणाला. "लोटा ले. वरथून वत."

कलाबाईनं घागरीतून लोटा भरला. ती बांधावर उभी होती, नाना खाली बादलीपाशी. त्यानं दोन्ही हात जोडून पुढे धरले आणि वाकला. पाणी वरून घ्यायचं तर वाकावंच लागतं, ओंजळ धरावीच लागते, ही गोष्ट त्या विद्वानाच्या ध्यानात यायला उशीर झाला. साहेबाला काही कळलं नाही, हेमांगीला थोडं कळलं. गावाला मात्र सगळं कळलं.

कलाबाईनं लोटा तिरपा केला. नानाची बोटं उंचावली होती, लोट्याच्या काठाशी आली होती.

"आखो वाका, नाना," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, उलट मायेनंच बोलल्यासारखा होता. "लोटाले हात लागी जाई."

नानानं मान वर केली. ते शब्द त्यानं ओळखले. ज्यानं नऊ वर्षांचा असताना मायच्या लुगड्याआडून रोज ऐकले, तो विसरेल कसा? त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग फ्लेक्सवरच्यासारखा लाल झाला. चाळीस माणसं बघत होती. हात मागे घ्यावेत तर हसं, पुढे ठेवावेत तरी हसंच. तो आणखी वाकला.

तिनं पाणी सोडलं. साबणाची वडी त्याच्या हातावर ठेवली नाही, बांधावर ठेवली. ती त्यानंच वाकून उचलली. त्यानं चोळलं, ती ओतत राहिली. एक लोटा संपला, तिनं दुसरा भरला. नखांतला चुना निघेस्तोवर, तंबाखूचा पिवळा डाग निघेस्तोवर ती ओतत होती, कारण तिला नानाचा काही सूड घ्यायचा नव्हता, तिला टमाटे वाचवायचे होते. सूडही झाला असेल तर तो त्या पाण्याबरोबर आपोआप झाला.

"तोंडमानं थुकी द्या," तिनं सांगितलं. त्यानं थुंकलं. "आते जाई शकतस मजार."

पण नाना आत गेला नाही. ओले हात पुढे धरून तो वळला आणि बाभळीकडे चालू लागला. बगलफूट कशी खुडायची ते शेवटी साहेबानं कलाबाईलाच दाखवायला सांगितलं. तिनं दाखवलं. हेमांगीनं पिशवीतून जुना फॉर्म काढला आणि 'माहितीचा स्रोत' या रकान्यातलं नाव दोनदा काट मारून खोडलं. नवं काय लिहायचं, हे तिला सुचलं नाही.

बाभळीखाली आधार सरकला, बूड हलवून शेजारी जागा केली. "या नाना, बसा. तंबाखूवालासनी जागा हाईच शे."

नानाला दुसरीकडे कुठे सावली नव्हती. तो बसला. हातावरून अजून पाणी ठिबकत होतं आणि ते पुसायला धोतराचा सोगा धरायचंही त्याला भान नव्हतं. तानुबाई त्याच्या पलीकडेच बसली होती. तिनं त्याच्या त्या ओल्या हातांकडे पाहिलं.

"दोन लोटा वतात तिनी," ती म्हणाली. "तुनी माय ते दोन घोटमाच थांबी जाये रे, प्रेमराज."